समजून घ्या : श्लोकांतली गणिते उलगडणारे पाथरीचे सूर्यपंडित कोण होते?

३२ हात उंचीचा बांबू वाऱ्याने मोडला. शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकला. मग बांबू किती उंचीवर मोडला? भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तले (११५०) हे श्लोकबद्ध गणित. या ग्रंथात भुंगे, कमळे, मोरही गणिते घालतात. श्लोक चटकन पाठ होतात. पण उत्तर तसेच का, हे त्यातून कळतेच असे नाही. ते समजावून सांगणाऱ्यांत परभणी जिल्ह्यातले सूर्यपंडित होते.

घर आणि गाव

जन्म १५०७ च्या सुमारास. गाव गोदावरीच्या परिसरातले पार्थपूर; अभ्यासक ते म्हणजे आजची पाथरी मानतात. वडील ज्ञानराज यांनी १५०३ च्या सुमारास ‘सिद्धांतसुंदर’ हा खगोलग्रंथ लिहिला. त्यात ग्रहगणिताबरोबर ऋतूंचे काव्यही आहे. भाऊ चिंतामणी यांनी त्याच ग्रंथावर भाष्य लिहिले. पाथरीच्या ताब्यासाठी निजामशाही आणि इमादशाही लढत होत्या, तो हा काळ. त्या धामधुमीतही या घरातले लेखन सुरू राहिले.

काम काय?

वयाच्या ३१ व्या वर्षी, १५३८ मध्ये त्यांनी भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’वर ‘सूर्यप्रकाश’ हे भाष्य लिहिले. १५४१ मध्ये ‘लीलावती’वर ‘गणितामृतकूपिका’ लिहिली. कूपिका म्हणजे छोटी विहीर. शब्दांचा अर्थ सांगायचा आणि नियमामागचे कारणही द्यायचे, ही त्यांची रीत.

बांबूचे उत्तर

उभा राहिलेला भाग, जमीन आणि कललेला भाग मिळून काटकोन त्रिकोण होतो. बाजू १२, १६ आणि २०. उभे १२ आणि कललेले २० मिळून ३२. म्हणजे बांबू १२ हातांवर मोडला.

उलटसुलट काव्य

आकृतिबंधाची हीच ओढ त्यांच्या कवितेतही दिसते. ‘रामकृष्णविलोमकाव्य’ चाळीसहून कमी श्लोकांचे आहे. त्यातली ओळ सरळ वाचली की रामाची कथा, अक्षरे उलट क्रमाने वाचली की कृष्णाची. एकही अक्षर चुकले तर दोन्ही कथा बिघडणार. कवीकडेही गणितज्ञाचा हिशेबीपणा लागतो, तो असा.

पुढे काय झाले?

१८१७ मध्ये हेन्री कोलब्रुक यांनी भास्कराचार्यांचे गणित इंग्रजीत आणले. श्लोकांचा अर्थ लावताना त्यांनी सूर्यपंडितांच्या भाष्यांचा आधार घेतला. पाथरीत लिहिलेले स्पष्टीकरण पावणेतीनशे वर्षांनी लंडनमध्ये छापलेल्या पुस्तकात पोहोचले ते असे.