वायफाय मधेच का गंडतं? याचं उत्तर शोधणाऱ्या माणसाला लग्नाच्या कागदावर ‘प्रोग्रामर’ लिहू दिलं नव्हतं

साताऱ्यात शाहूपुरीत बसा नाहीतर सांगलीत विश्रामबागला, एक तक्रार सगळीकडे सारखीच ऐकू येते. लॅपटॉपचं वायफाय दिवसभर मस्त चालतं. पण कधीतरी लॅपटॉप झाकून परत उघडला की नेटवर्क गायब. रिस्टार्ट मारला की पुन्हा सगळं सुरळीत. दुकानात नेऊन दाखवावं, तर तिथं ते शहाण्या बाळासारखं चालतं आणि दुकानदार आपल्याकडेच संशयानं बघतो.

आपण रेंजला बोल लावतो, राउटरला लावतो, नेटवाल्याला लावतो. पण बऱ्याचदा खरी गडबड असते ड्रायव्हरमध्ये. ड्रायव्हर म्हणजे वायफायची चिप आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांच्यामधला दुभाषा. आणि त्याच्यातला सगळ्यात चिवट रोग म्हणजे टायमिंगचा बग. चिप चांगली असते, कोडची प्रत्येक ओळ वाचायला बरोबर वाटते, फक्त दोन गोष्टी नको त्या क्रमानं घडतात. त्याही हजारातून एकदा.

या रोगाची धास्ती एका माणसानं १९५० च्या दशकातच घेतली होती. तेव्हा वायफाय सोडा, साधा स्क्रीन असलेला कॉम्प्युटरही दुर्मिळ होता. त्या माणसाचं नाव एड्सगर डाईक्स्ट्रा.

आधी हा बग नेमका काय असतो ते बघू.

समजा सातारा-सांगली एसटीत एकच सीट शिल्लक आहे. एक खिडकी साताऱ्याच्या स्टँडवर, दुसरी सांगलीच्या. दोन्हीकडच्या क्लार्कनं एकाच क्षणी स्क्रीन बघितला. दोघांनाही दिसलं, एक सीट बाकी. दोघांनीही तिकीट फाडलं. दोघांनीही शिल्लक शून्य केली. हिशोब जुळला, पण सीट एक आणि प्रवासी दोन.

यात चूक कुणाची? दोघांचीही नाही. सांगलीच्या क्लार्कनं अर्धा मिनिट उशिरा बघितलं असतं तर काहीच झालं नसतं. म्हणूनच ही चूक पकडायला गेलं की सापडत नाही. कॉम्प्युटरच्या भाषेत याला रेस कंडिशन म्हणतात. दोन कामांची शर्यत लागते आणि कोण आधी पोचतं त्यावर निकाल बदलतो.

आता गडी कोण होता ते बघू.

डाईक्स्ट्रा यांचा जन्म ११ मे १९३० चा, नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमचा. वडील रसायनशास्त्राचे शिक्षक, आई गणितज्ञ. मुलगा दहा वर्षांचा झाला आणि तीनच दिवसांनी, १४ मे १९४० रोजी, जर्मन विमानांनी रॉटरडॅमवर बॉम्ब टाकून शहराचा मध्यभाग बेचिराख केला. युद्ध संपल्यावर या पोराच्या डोक्यात कायदा शिकून संयुक्त राष्ट्रांमध्ये देशाचं काम करावं असं होतं. पण गणितात आणि विज्ञानात मार्क इतके पडले की गाडी लायडन विद्यापीठात, भौतिकशास्त्राकडे वळली.

१९५१ साली ते केंब्रिजला प्रोग्रामिंगच्या तीन आठवड्यांच्या कोर्सला गेले. तिथून आले आणि मार्च १९५२ पासून ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रात प्रोग्रामर म्हणून लागले. त्या काळात नेदरलँड्समध्ये हे पद असतं हेच कुणाला माहीत नव्हतं. १९५७ मध्ये त्यांचं रिया डेबेट्स यांच्याशी लग्न ठरलं. कागदावर व्यवसाय लिहायची वेळ आली तेव्हा त्यांनी प्रोग्रामर लिहिलं. नगरपालिकेनं असला धंदा अस्तित्वातच नाही म्हणून ते नामंजूर केलं. शेवटी सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ असं लिहून लग्न लागलं.

त्याआधी वर्षभर, १९५६ मध्ये, ते रियांसोबत ॲमस्टरडॅममध्ये खरेदीला गेले होते. दमून दोघं एका कॅफेत कॉफी प्यायला बसले. तिथं बसल्याबसल्या, कागद-पेन न घेता, वीस मिनिटांत त्यांनी एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचा सगळ्यात जवळचा रस्ता शोधायची पद्धत बसवली. आज मोबाईलवरचे नकाशे आपल्याला कराडवरून इस्लामपूरमार्गे सांगली दाखवतात त्याच्या मुळाशी हीच पद्धत आहे. डाईक्स्ट्रा हे नाव बहुतेकांना यामुळेच माहीत असतं.

पण आपल्या वायफायशी संबंध येतो तो त्यानंतरच्या उद्योगाचा.

गणित केंद्रातले त्यांचे दोन जोडीदार होते, ब्राम लूपस्ट्रा आणि कारेल स्कोल्टेन. हे दोघं मशीन बांधायचे आणि डाईक्स्ट्रा त्यांच्यासाठी सॉफ्टवेअर लिहायचे. एक्स-१ नावाच्या नव्या मशीनचं काम सुरू झालं तेव्हा जोडीदारांनी एक सुविधा सुचवली. तिचं नाव इंटरप्ट.

तोवर कसं चालायचं? टाइपरायटरला एक अक्षर छापायला दिलं की कॉम्प्युटर त्याच्या डोक्यावर उभा राहून झालं का, झालं का असं विचारत बसायचा. तेवढा वेळ वाया. इंटरप्टमुळे उलटं होणार होतं. कॉम्प्युटरनं आपलं काम करत राहायचं आणि टाइपरायटरचं काम झालं की त्यानंच दार वाजवायचं. कॉम्प्युटर हातातलं काम अर्ध्यावर ठेवणार, दार उघडणार, परत येऊन जिथं थांबला तिथून पुढं सुरू करणार.

ऐकायला झकास. पण डाईक्स्ट्रा यांना घाम फुटला. दार कधी वाजेल हे कुणाच्याच हातात नव्हतं. म्हणजे तोच प्रोग्राम, तीच माहिती, तरी प्रत्येक वेळी घटनांचा क्रम वेगळा. आज दिसलेली चूक उद्या परत घडवून दाखवता येणार नाही. आणि जी चूक परत दाखवता येत नाही ती दुरुस्त कशी करायची? त्यांनी हा निर्णय बरेच दिवस लांबवला. शेवटी जोडीदारांनी त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि ते तयार झाले.

मग त्यांनी एक वेगळा रस्ता धरला. चाचणीच्या भरवशावर राहायचं नाही. दार कुठल्याही क्षणी वाजलं तरी प्रोग्रामचं काही बिघडणार नाही हे आधी कागदावर, गणितासारखं, सिद्ध करायचं आणि मगच कोड लिहायचा. एक्स-१ साठी त्यांनी असा प्रोग्राम लिहिला आणि त्याच कामावर १९५९ मध्ये पीएचडी मिळवली. आजच्या भाषेत सांगायचं तर ते ड्रायव्हरचंच काम होतं.

पुढच्याच वर्षी याप झोनेवेल्ड यांच्यासोबत त्यांनी अल्गोल-६० या भाषेचा कंपायलर पूर्ण केला. काम होईपर्यंत दाढी करायची नाही असं दोघांनी ठरवलं होतं. काम झालं, झोनेवेल्ड यांनी दाढी उतरवली. डाईक्स्ट्रा यांनी कायमची ठेवली.

रेल्वेचा सिग्नल कॉम्प्युटरमध्ये कसा आला?

१९६२ मध्ये ते आइंडहोवनच्या तंत्रविद्यापीठात प्राध्यापक झाले. तिथं त्यांनी एसटीच्या सीटवाल्या भानगडीवर उपाय काढला आणि त्याला नाव दिलं सेमाफोर. डच भाषेत त्यांनी वापरलेला शब्द होता सिग्नलचा खांब. कल्पना थेट रेल्वेतून उचललेली.

आपल्याकडच्या लोकांना हे समजायला अजिबात अवघड नाही. पुणे-मिरज रेल्वेमार्ग दुहेरीकरणाआधी एकेरी होता. समजा ताकारीहून एक गाडी निघाली आणि किर्लोस्करवाडीहून समोरून दुसरी. रूळ एकच. मग एकेरी मार्गावर काय करतात, तर दोन स्टेशनांमधल्या टप्प्यासाठी एका वेळी एकाच गाडीला परवानगी. अनेक ठिकाणी तर ड्रायव्हरच्या हातात टोकन पडल्याशिवाय गाडी हलायची नाही. पुढच्या स्टेशनात टोकन जमा झालं की मगच दुसरी गाडी सुटायची.

डाईक्स्ट्रा यांनी हेच प्रोग्रामला लावलं. दोन कामांना एकाच माहितीला हात लावायचा असेल तर आधी सिग्नल घ्यायचा, काम उरकायचं, सिग्नल सोडायचा. तोवर दुसऱ्यानं थांबायचं. साताऱ्याचा क्लार्क सीट बघून तिकीट फाडेपर्यंत सांगलीच्या क्लार्कला ती नोंद उघडताच येणार नाही. १९६५ मध्ये त्यांनी हा प्रश्न कितीही कामं एकत्र चालली तरी कसा सोडवायचा यावर जेमतेम एका पानाचा शोधनिबंध छापला. आजही तो या विषयाचा पाया मानला जातो.

पण टोकन आलं की दुसरी भानगड आली. दोन शेजारी शेतकरी आहेत. एकाकडं फवारणीचा पंप, दुसऱ्याकडं पाण्याचा बॅरल. दोघांनाही दोन्ही वस्तू लागतात आणि दोघंही आपल्या हातातली वस्तू सोडायला तयार नाहीत. दोघंही बांधावर बसून राहणार, फवारणी कुणाचीच होणार नाही. याला आज डेडलॉक म्हणतात. यावरचा एक साधा उपाय म्हणजे नियम करायचा की आधी पंप घ्यायचा, मगच बॅरल. सगळ्यांनी एकच क्रम पाळला की अडकायचा प्रश्नच येत नाही. डाईक्स्ट्रा यांनी हा प्रश्न विद्यार्थ्यांना परीक्षेत घातला होता. पुढं टोनी होअर यांनी त्याला जेवायला बसलेल्या पाच तत्त्वज्ञांच्या गोष्टीचं रूप दिलं. सांगलीच्या वालचंद कॉलेजपासून कराडच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजपर्यंत, ऑपरेटिंग सिस्टीम शिकणाऱ्या पोरांची या तत्त्वज्ञांशी गाठ पडतेच.

हे सगळं कागदावरच राहिलं असं नाही. आइंडहोवनमध्ये सहा जणांच्या अर्धवेळ टीमनं त्यांनी एक पूर्ण ऑपरेटिंग सिस्टीम बांधली. १९६८ मध्ये तिच्याबद्दल लिहिताना त्यांनी नोंदवलं की चाचणीत फक्त किरकोळ लिहिण्याच्या चुका सापडल्या आणि प्रत्येक चूक दहा मिनिटांच्या आत हाती लागली. १९७२ साली त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला, जो या क्षेत्रातला सगळ्यात मोठा मान.

तरीही बऱ्याच लोकांना ते अव्यवहारी वाटायचे. बाजारात माल आणायची घाई असताना प्रत्येक प्रोग्रामचं गणित कोण मांडत बसणार? त्यांचा स्वभावही फटकळ. चाचणी केल्यानं चुका आहेत एवढं कळतं, चुका नाहीत हे कधीच कळत नाही, हा त्यांचा मुद्दा लोक ऐकायचे आणि सोडून द्यायचे.

तो मुद्दा सोडून दिल्याची किंमत काय असते, हे १९८० च्या दशकात दिसलं.

थेरॅक-२५ नावाचं कॅन्सरवर रेडिएशन देणारं मशीन होतं. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात त्यानं सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर रेडिएशन दिलं, त्यातल्या काहींचा जीव गेला. एक कारण टायमिंगचं होतं. सरावलेला ऑपरेटर चुकीची नोंद भराभर, साधारण आठ सेकंदांच्या आत दुरुस्त करायचा. तेव्हा सॉफ्टवेअरचा दुसरा भाग मशीनची जुळणी करण्यात गुंतलेला असायचा आणि त्याला हा बदल दिसायचाच नाही. तपासणारे लोक हळू टाइप करायचे, म्हणून त्यांना चूक दिसायची नाही. शेवटी टेक्सासमधल्या एका रुग्णालयातल्या भौतिकशास्त्रज्ञानं आणि ऑपरेटरनं पुन्हा पुन्हा, वेगानं टाइप करून ती घडवून दाखवली. योगायोग असा की डाईक्स्ट्रा १९८४ पासून त्याच राज्यात, ऑस्टिनच्या विद्यापीठात शिकवत होते.

आता आपल्या वायफायकडे या.

लॅपटॉपचं झाकण मिटलं की ड्रायव्हर आपलं सामान आवरायला घेतो. वापरलेली मेमरी परत करतो. पण मघाशी त्यानंच एक टायमर लावून ठेवलेला असू शकतो. आवराआवर झाल्यावर टायमर वाजला तर तो अशा जागी हात घालतो जी आता त्याची राहिलेलीच नाही. झालं, ड्रायव्हर कोलमडतो. टायमर क्षणभर आधी वाजला तर काहीच होत नाही, म्हणून दुकानात ते नीट चालतं.

इंजिनिअर हे शोधायला कोडमध्ये नोंदी छापायच्या ओळी घालतो. त्या ओळींमुळे कोड किंचित मंदावतो आणि नेमका तेवढ्यानंच बग लपतो. ओळी काढल्या की परत हजर. मग डाईक्स्ट्रांचाच रस्ता उरतो. एकाच माहितीला कोण कोण हात लावतं याची यादी करायची. वाईटात वाईट क्षणी दार वाजलं तर काय होईल हे डोक्यानं तपासायचं. कुलूप कुठं हवं, कुठल्या क्रमानं हवं ते ठरवायचं. वरच्या उदाहरणात दुरुस्ती छोटीच असते. आधी टायमर रद्द करायचा, तो चालू असेल तर संपेपर्यंत थांबायचं आणि मगच मेमरी सोडायची.

लिनक्सच्या गाभ्यात आजही सेमाफोर त्याच नावानं आहे. तिथं कुलपांच्या क्रमावर नजर ठेवणारी एक व्यवस्थाही आहे. डेडलॉक प्रत्यक्षात झालेला नसला तरी होऊ शकतो एवढं दिसलं की ती इशारा देते. चूक घडायची वाट न बघता ती शक्य आहे का तेच तपासायचं, हा विचार मूळचा डाईक्स्ट्रांचा.

स्वतः डाईक्स्ट्रा मात्र कॉम्प्युटरपासून लांबच राहिले. लेखन आधी टाइपरायटरवर आणि पुढं शाईच्या पेननं केलं. बहुतेक हातानं लिहिलेल्या, क्रमांक घातलेल्या १३०० हून जास्त टिपणांच्या प्रती ते ओळखीच्यांना पाठवायचे. घरी टीव्ही नव्हता, पियानो होता. १९९९ मध्ये निवृत्त झाले, २००२ च्या सुरुवातीला नेदरलँड्समधल्या न्यूनन गावी परतले आणि ६ ऑगस्ट २००२ रोजी कॅन्सरनं गेले.

त्याच वर्षी त्यांच्या १९७४ च्या एका निबंधाला पुरस्कार मिळाला. कितीही बिघडलेल्या अवस्थेत सापडलेली यंत्रणा बाहेरच्या मदतीशिवाय आपोआप ताळ्यावर कशी येईल, हा त्या निबंधाचा विषय होता. पुढं त्या पुरस्कारालाच डाईक्स्ट्रांचं नाव देण्यात आलं.

आपण मात्र वायफाय गंडलं की अजून रिस्टार्टच मारतो. त्यानं काम भागतं, पण बग तिथंच राहतो. तो काढायचा असेल तर कुणीतरी शांत बसून, कागद-पेन घेऊन, सगळ्यात वाईट क्षणाचा विचार करावा लागतो.