पुस्तकाने घडविलेला माणूस : आचार्य धर्मानंद कोसंबी

मॅट्रिकची परीक्षा पास झालेल्या भीमराव रामजी आंबेडकर या विद्यार्थ्याचा १९०७ साली मुंबईत सत्कार झाला. त्या वेळी कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. ही हकीकत आपल्या विहारांतील लहान मुलांनाही पाठ आहे. त्या पुस्तकापासून निघालेला रस्ता १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर पोहोचला आणि आपण सर्वजण त्या रस्त्याचे वाटसरू झालो.

परंतु त्याच्या सुमारे दहा वर्षे आधी, गोव्यातील एका खेड्यात, दुसऱ्या एका तरुणाच्या हातीही असेच भगवान बुद्धांचे चरित्र पडले होते. ते पुस्तकसुद्धा नव्हते. विनायक कोंडदेव ओक यांच्या ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकातील तो एक छोटा लेख होता. त्या चार पानांनी त्या तरुणाचे आयुष्य उलटेपालटे केले. हा तरुण म्हणजे आचार्य धर्मानंद दामोदर कोसंबी. आज आपण मराठीतून त्रिपिटकाविषयी जे वाचतो, त्यातील पुष्कळसे या माणसाच्या कष्टातून आपल्यापर्यंत आलेले आहे. म्हणून त्यांचे चरित्र धम्मबांधवांनी समजून घेतले पाहिजे.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. त्या वेळी गोव्यावर पोर्तुगीजांचे राज्य होते. लहानपणी त्यांची प्रकृती नाजूक होती आणि शाळा जेमतेम चार-पाच इयत्तांची झाली. चौदा-पंधराव्या वर्षी बाळाबाईंशी लग्न झाले. घरी नारळाची बागाईत होती, तिची देखरेख त्यांच्याकडे आली. माडांना पाणी, नारळांचा हिशोब, घरची दुखणीबाणी, यातच जन्म जाणार अशी सारी लक्षणे होती. मन रमेना. तुकोबांची गाथा वाचीत, तिच्यातून धीर घेत दिवस काढणे चालले होते.

अशा मनःस्थितीत ‘बालबोध’मधील तो लेख वाचनात आला. बुद्ध हा कोणी चमत्कारी अवतार नसून मनुष्याच्या दुःखाचा विचार करणारा आणि त्या दुःखातून बाहेर पडण्याची वाट दाखविणारा मनुष्य होता, ही गोष्ट त्यांच्या मनात खोल रुतली. बुद्धाचा धम्म मुळातून शिकायचा, मग त्यासाठी काहीही सोसावे लागले तरी चालेल, असा त्यांनी निश्चय केला. धम्म ज्या भाषेत आहे ती पाली शिकण्याची सोय गोव्यात नव्हती आणि मराठी मुलखातही नव्हती. संस्कृतसुद्धा त्यांना येत नव्हते.

१८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. प्रथम पुण्यास आले. तेथे प्रार्थना समाजाचा आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचा आधार मिळाला. मग ग्वाल्हेर आणि तेथून काशी. काशीस अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला. तेथून १९०२ साली नेपाळात गेले. पण बुद्धाच्या जन्मभूमीशेजारच्या त्या देशात धम्माची जी दशा दिसली, तिने ते निराश झाले. बुद्धगयेस आल्यावर त्यांना सिंहलद्वीपाची वाट समजली. कलकत्त्याच्या महाबोधी सभेच्या मदतीने ते सिलोनला पोहोचले आणि कोलंबोच्या विद्योदय परिवेणात हिक्कडुवे सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली पाली शिकू लागले. तेथे ते श्रामणेर झाले. पुढे ब्रह्मदेशात जाऊन त्यांनी उपसंपदा घेतली. मासिकातल्या लेखाने लागलेली तहान भागविण्यासाठी या माणसाला समुद्र ओलांडावा लागला, कारण बुद्धाच्या देशातच बुद्धाचे ग्रंथ शिकवणारा कोणी उरला नव्हता.

येथे थोडे थांबून एका गोष्टीचा विचार केला पाहिजे. आपल्यापैकी काहींच्या मनात प्रश्न येईल, की ब्राह्मण घरात जन्मलेल्या पंडिताचे चरित्र आम्ही कशासाठी वाचावे? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर टाळता कामा नये. धर्मानंद काशीला ज्या अन्नछत्राच्या पंगतीत जेवले, त्या पंगतीत महाराच्या, मांगाच्या किंवा चांभाराच्या मुलाला कोणी बसू दिले नसते. ज्या काळात धर्मानंद काशीत संस्कृत शिकत होते, त्याच काळात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी, भीमराव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. तेथे त्यांना इतरांपासून वेगळे बसावे लागे. पुढे मुंबईच्या शाळेत त्यांना संस्कृत शिकण्याची इच्छा होती. परंतु अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि फारशी घ्यावी लागली. म्हणजे निश्चय दोघांचाही होता, पण एकासाठी दरवाजा उघडा होता आणि दुसऱ्याच्या तोंडावर तो बंद करण्यात आला. हे विसरून केवळ इच्छाशक्तीचे गोडवे गाणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक आहे.

तरीही धर्मानंदांचे मोठेपण कमी होत नाही. उघड्या दरवाजातून आत गेलेले हजारो होते. आत मिळालेली विद्या बाहेर आणून सर्वांच्या भाषेत वाटून टाकणारे थोडे होते. धर्मानंद त्या थोड्यांपैकी होते.

१९०६ साली ते कलकत्त्यास परतले. चीवर उतरवून त्यांनी अध्यापकाचे जीवन पत्करले आणि तेथील नॅशनल कॉलेजात व नंतर कलकत्ता विद्यापीठात पाली शिकविली. पण मराठी माणसांत हे ज्ञान न्यावे, ही ओढ त्यांना स्वस्थ बसू देईना. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा ५० रुपये देऊ केले. मराठी मुलखात राहावे आणि ग्रंथ लिहावेत, एवढीच अपेक्षा होती. धर्मानंदांनी कलकत्त्याची नोकरी सोडली आणि ते ५० रुपये स्वीकारले. वाचकांना आठवेल, याच सयाजीरावांनी केळुसकर गुरुजींच्या शब्दावरून भीमरावांना कॉलेजसाठी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली आणि पुढे १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात पाठविले. बुद्धचरित्राने जागे झालेल्या दोन्ही मनांना एकाच राजाचा हात मिळाला.

१९१० साली धर्मानंदांचे ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे मराठी पुस्तक निघाले. त्याच साली ते अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात गेले. आचार्य बुद्धघोषांच्या ‘विसुद्धिमग्ग’ या पाचव्या शतकातील ग्रंथाची संशोधित आवृत्ती हेन्री क्लार्क वॉरन या विद्वानाने सुरू केली होती, पण १८९९ साली त्यांचे निधन झाल्याने ती अपुरी राहिली होती. ते काम धर्मानंदांकडे आले. जेमतेम चार-पाच इयत्ता शिकलेला गोव्याचा मुलगा जगातील नामांकित विद्यापीठात बसून पाली ग्रंथ तपासू लागला. मात्र तेथील प्राध्यापक लॅनमन यांनी त्यांच्या कामाचे श्रेय त्यांना पुरते देण्याचे नाकारले. धर्मानंदांना हा अपमान वाटला. त्यांनी तडजोड केली नाही आणि १९१२ साली ते परत आले. काम अर्धे राहिले तरी चालेल, पण स्वाभिमान विकून नाव मिळवायचे नाही, हा त्यांचा बाणा होता. पुढे ते पुन्हा हार्वर्डला गेले, एकंदर चार वेळा गेले, आणि ते काम त्यांनी तडीस नेले. पण हार्वर्डची ती आवृत्ती छापून निघाली १९५० साली, त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. त्याआधी १९४० साली मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने त्यांची देवनागरी आवृत्ती प्रसिद्ध केली होती.

१९१२ ते १९१८ या काळात त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकविली. मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालीला जागा मिळवून देण्यात भांडारकरांबरोबर त्यांचा मोठा वाटा होता. पुरुषोत्तम विश्वनाथ बापट यांच्यासारखे पालीचे नामवंत अभ्यासक त्यांच्या हाताखाली तयार झाले. नंतर अहमदाबादचे गुजरात विद्यापीठ, १९२९ साली रशियातील लेनिनग्राड, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास, असा त्यांचा प्रवास चालू राहिला. परळच्या गिरणगावात त्यांनी बहुजन विहार उभारला. विद्वानांच्या सभेत मान मिळालेल्या या माणसाने विहारासाठी वस्ती निवडली ती कामगारांची, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

त्यांची पुस्तके म्हणजे मराठी वाचकाला मिळालेला ठेवा आहे. ‘बुद्धलीलासारसंग्रह’, ‘जातककथासंग्रह’, ‘समाधिमार्ग’, ‘बौद्धसंघाचा परिचय’, ‘हिंदी संस्कृति आणि अहिंसा’, आणि १९४०-४१ साली निघालेले ‘भगवान बुद्ध’. या शेवटच्या ग्रंथात त्यांनी एक धाडसी विचार मांडला. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाने घर सोडले ही कथा प्राचीन सुत्तांत गौतमाच्या नावावर नाही, असे त्यांनी दाखविले. माणसे एकमेकांविरुद्ध शस्त्र उगारतात, त्या कलहाचा उबग हे गृहत्यागाचे कारण त्यांनी सुत्तनिपाताच्या आधारे पुढे ठेवले. ‘बोधिसत्त्व’ या नाटकातही त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात झालेल्या भांडणाचा प्रसंग घेतला. बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हीच चार दृश्यांची कथा बाजूला सारून रोहिणीच्या पाण्याचा तंटा गृहत्यागाचे कारण म्हणून आला आहे, हे आपण जाणतोच. बुद्ध जगातील भांडणापासून पळाला नाही, ते भांडण मिटविण्याचा मार्ग शोधण्यासाठी निघाला, ही गोष्ट दोघांनीही आपल्यापुढे ठेवली.

या चरित्राची एक बाजू अजून सांगायची राहिली. धर्मानंदांनी घर सोडले तेव्हा त्यांची मुलगी माणिक तान्ही होती. कित्येक वर्षे बाळाबाईंना नवऱ्याच्या वाटेकडे डोळे लावून बसावे लागले. १९०६ नंतर संसार पुन्हा सुरू झाला. १९०७ साली मुलगा दामोदर जन्मला. तेच पुढे गणिती आणि इतिहासकार म्हणून जगप्रसिद्ध झालेले दा. ध. कोसंबी. माणिकही अमेरिकेत शिकली. तरी ती मधली वर्षे बाळाबाईंना कोणी परत दिली नाहीत. आपण माता रमाईंचे कष्ट जाणतो. बाबासाहेब परदेशी ग्रंथालयांत बसले होते तेव्हा मुंबईत त्या माउलीने काय सोसले हे प्रत्येक भीमगीतात गाइले जाते. एका माणसाच्या वाचनाची किंमत पुष्कळदा दुसऱ्याने भरलेली असते. म्हणून ज्याला वाचायला मिळाले, त्याच्यावर ते वाटण्याचे ऋण चढते. धर्मानंदांनी ते फेडण्याचा जन्मभर प्रयत्न केला.

अखेरच्या काळात आजारांनी शरीर जर्जर झाले. आता या देहाकडून काही सेवा होणार नाही, असे वाटून त्यांनी सेवाग्रामला अन्नत्याग केला आणि ४ जून १९४७ रोजी देह ठेवला. ‘निवेदन’ या १९२४ साली छापलेल्या आत्मचरित्रात त्यांनी आपली सारी धडपड, चुका आणि अपमान यांसह सांगून ठेवली आहे. तरुणांनी ते जरूर वाचावे.

धम्मबंधूंनो, धर्मानंदांनी पद किंवा पगार डोळ्यांपुढे ठेवून घर सोडले नव्हते. एक गोष्ट मुळातून शिकायची, एवढाच त्यांचा ध्यास होता; प्राध्यापकपद आणि कीर्ती त्या ध्यासामागून आली. आज आपल्या मुलांसाठी काशी-कोलंबोची पायपीट उरलेली नाही. पाली शाळा-कॉलेजांत शिकता येते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला आहे. ग्रंथ मराठीत आहेत. तरीही कित्येक विहारांत पुस्तकांचे कपाट कुलपात असते आणि किल्ली कोणाकडे आहे हे कोणाला ठाऊक नसते. जयंतीच्या दिवशी त्या कपाटाला हार घातला जातो, पण आतले पुस्तक बाहेर निघत नाही.

ज्या समाजाला शतकानुशतके पुस्तकाला हात लावू दिला नाही, त्या समाजाने मिळालेले पुस्तक कुलपात ठेवावे यासारखे दुःख नाही. येत्या रविवारी वंदना झाल्यावर ते कुलूप उघडावे. एक वही घालावी, कोणी कोणते पुस्तक नेले ते लिहावे आणि एखाद्या मुलाच्या किंवा मुलीच्या हाती बुद्धचरित्र द्यावे. मुलांच्या मासिकातील चार पानांनी धर्मानंद घडले. सत्कारात मिळालेल्या एका पुस्तकाने आपल्या उद्धारकर्त्याच्या मनात बुद्ध रुजला. तुमच्या विहारातील कोणत्या पुस्तकाची, कोणते मूल वाट पाहत आहे, हे कपाट उघडल्याशिवाय कळणार नाही.