प्रतिसरकारकडून संसदेकडे

स्वातंत्र्यलढ्यातील पुढाऱ्यांच्या उत्तरायुष्याचे दोन नमुने आपल्या परिचयाचे आहेत. एक सत्तेच्या आश्रयाने मोठे झालेल्यांचा. दुसरा राजकारणाला विटून दूर झालेल्यांचा. क्रांतिसिंह नाना पाटील या दोहोंतही बसत नाहीत. म्हणूनच की काय, त्यांचे चरित्र १९४६ सालीच संपले अशा थाटात ते सांगितले जाते आणि पुढची तीस वर्षे दोन वाक्यांत उरकली जातात. यात नानांवर अन्याय तर होतोच. पण प्रतिसरकारचा खरा अर्थही हातून निसटतो.

३ ऑगस्ट १९०० रोजी जन्मलेल्या नानांचे गाव वाळवे तालुक्यातील येडेमच्छिंद्र. घर शेतकऱ्याचे, शिक्षण बेताचे. काही काळ त्यांनी तलाठ्याची नोकरी केली. सरकार खेड्यात कोणत्या रूपाने वावरते, हे त्यांना दप्तरातूनच कळले. सत्यशोधक चळवळीचा संस्कार मनावर होताच. १९३० च्या कायदेभंगात त्यांनी नोकरीवर पाणी सोडले आणि मग गावोगाव फिरून कुणब्याला समजेल अशा बोलीत स्वराज्याचा अर्थ सांगितला. कर्ज काढून लग्नाचा थाट करणाऱ्या समाजात त्यांनी अल्पखर्चाच्या ‘गांधी विवाहां’चा प्रसार केला.

सप्टेंबर १९४२ मध्ये वडूज आणि इस्लामपूर येथे मोर्चांवर गोळीबार झाला. निःशस्त्र माणसे मारली गेली. त्यानंतर उघड्या प्रतिकाराची वाट बंद झाली आणि १९४३ पासून त्या वेळच्या, म्हणजे आजच्या सांगलीचाही मुलूख पोटात घेणाऱ्या, सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार उभे राहिले. किसन वीर, नागनाथअण्णा नायकवडी, जी. डी. बापू लाड यांच्यासारखे सहकारी त्यात होते. तुफान सेना, न्यायदान मंडळे, सावकार व दरोडेखोरांचा बंदोबस्त ही त्याची कामे. नानांच्या डोक्यावर इनाम होते, तरी साडेतीन वर्षांहून अधिक काळ ते पोलिसांच्या हाती लागले नाहीत. हजारो घरांनी तोंड मिटून ठेवले, हेच त्या सरकारचे खरे बळ होते.

येथे एक प्रश्न टाळून चालणार नाही. तळपायांवर फटके देण्याच्या ज्या शिक्षेने ‘पत्री सरकार’ हे नाव लोकांच्या तोंडी रुळले, ती न्यायाच्या कोणत्या कसोटीला उतरते? जेथे फिर्यादी, न्यायाधीश आणि शिक्षा देणारा एकाच बाजूचे असतात, तेथे चूक होण्याचा आणि जुने वैर साधले जाण्याचा धोका असतोच. परक्या सत्तेची न्यायालये गरिबाला बंद होती, हे खरे. पण एवढ्याने त्या शिक्षेचे समर्थन पुरे होत नाही. प्रतिसरकारची अखेरची परीक्षा निराळी होती: ते संपवण्याची वेळ आल्यावर त्याच्या नेत्याने काय केले?

१९४६ साली मुंबई प्रांतात पुन्हा लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले, वॉरंटे मागे घेतली गेली आणि नाना उघडपणे लोकांत आले. समांतर सत्ता त्यांनी पुढे चालवली नाही. सत्तेच्या दालनात मानाची जागा मागण्याचा अधिकार त्यांच्याइतका थोड्यांनाच होता. त्यांनी विरोधी बाक पसंत केला. आधी शेतकरी कामगार पक्ष, नंतर कम्युनिस्ट पक्ष. १९५५ मध्ये डहाणूच्या अधिवेशनात ते अखिल भारतीय किसान सभेचे अध्यक्ष झाले. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत साताऱ्याने त्यांना लोकसभेवर पाठवले. १९६७ मध्ये निवडून दिले ते बीडने. पूर्वीच्या निजामी मुलखातील त्या जिल्ह्यात ना त्यांची भावकी होती, ना प्रतिसरकारची पुण्याई. तेथे त्यांनी मते मागितली ती कष्टकऱ्याच्या नावावर.

६ डिसेंबर १९७६ रोजी मिरजेत त्यांचे निधन झाले. वाळव्याच्या मातीत त्यांना अखेरचा निरोप देण्यात आला.

ज्याने बंदुकीच्या छायेत एका जिल्ह्याचा कारभार पाहिला, त्याने स्वतंत्र देशात मतपेटीपुढे हात जोडून उभे राहावे, ही गोष्ट साधी नव्हे. त्यांच्या पक्षाची मते सर्वांना पटतील असे नाही. पण सरकार लोकांच्या विश्वासावर उभे असते, हे त्यांनी दोनदा सिद्ध केले: एकदा ते चालवून आणि एकदा ते सोडून देऊन. त्यांच्या पुतळ्यांना हार घालणाऱ्यांनी यांतील दुसरी गोष्ट अधिक ध्यानात ठेवावी.