आबे फारिया यांचे विस्मृत ऋण

संमोहन म्हटले की रोखलेल्या नजरेचा, हुकूम सोडणारा जादूगार डोळ्यांपुढे उभा राहतो. रामदासपेठेतील डॉक्टरांच्या पाट्या नित्य वाचणाऱ्या सुशिक्षित नागपूरकराचा समजही याहून फारसा निराळा नसावा. वस्तुतः हा समज दोनशे वर्षांपूर्वी एका गोमंतकीयाने खोडून काढला होता.

जुझे कुस्तोदियु फारिया यांचा जन्म १७५६ साली बारदेशातील कांदोळी येथे झाला. पित्यासमवेत १७७१ मध्ये ते लिस्बनला गेले, रोममध्ये धर्मशास्त्र शिकून धर्मगुरू झाले आणि १७८८ मध्ये पॅरिसला पोहोचले. मेस्मर या वैद्याच्या मताचा प्रभाव तेथे अद्याप ओसरला नव्हता. चिकित्सकाकडून एक अदृश्य चुंबकीय द्रव रोग्याच्या देहात शिरतो, असे ते मत. राजाने नेमलेल्या समितीने १७८४ मध्ये हा द्रव अमान्य केला आणि परिणामाचे श्रेय कल्पनाशक्तीस देऊन विषय संपविला. फारियांनी नेमका तेथूनच शोध आरंभिला.

१८१३ पासून त्यांनी पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग केले. समोरच्यास आसनावर स्वस्थ बसवून, डोळे मिटावयास लावून ते झोपण्याची आज्ञा देत. तथापि ही निद्रा आपल्या सामर्थ्याने येत नाही, तिचे कारण निद्रिस्ताच्याच एकाग्रतेत व ग्रहणशीलतेत आहे, हे त्यांनी निःसंदिग्धपणे मांडले. स्वतःचे माहात्म्य असे स्वतःच नाकारणारा प्रयोगकर्ता विरळाच! धर्ममार्तंडांनी त्यांच्यावर ठपका ठेवला आणि १८१६ मध्ये रंगभूमीवर त्यांची टवाळी झाली. १८१९ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी २० सप्टेंबरला ते पॅरिसमध्ये निवर्तले.

पुढे फ्रान्समधील नान्सीच्या बर्नहाइमप्रभृती वैद्यांनी त्यांचे श्रेय मान्य केले. विसाव्या शतकात अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ मिल्टन एरिक्सन यांनी आज्ञेची जागा बहुतांशी सौम्य, मोकळ्या सूचनेस दिली. रुग्णाने आपली वाट आपणच शोधावी, हा या पद्धतीचा गाभा. फारियांनी आज्ञा सोडली नव्हती, परंतु रुग्णाच्या मनाचे स्वामित्व त्यांनी रुग्णाकडेच ठेवले होते. जेथे बुवा आणि मांत्रिक दुःखिताच्या मनावर हक्क सांगतात, त्या समाजाने हा विचार विसरणे परवडणारे नाही.

पणजीत १९४५ मध्ये उभारलेल्या, शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांच्या पुतळ्यात फारियांचे हात निद्रिस्त स्त्रीवर रोखलेले आहेत. पाहणाऱ्याची दृष्टी त्या हातांवर खिळते. फारियांनी मात्र आयुष्यभर त्या स्त्रीकडे बोट दाखविले.