पंचवीस वर्षं, एक गिटार

हौसेनं गिटार शिकणाऱ्याला सहा महिन्यांत एक रोग हमखास जडतो. बोटांना घट्टे पडतात न पडतात तोच त्याला वाटू लागतं, की आपलं घोडं अडलंय ते हातामुळे नव्हे, वाद्यामुळे! चाळिशी उलटल्यावर मी गिटार हातात घेतली आणि हा रोग मलाही जडला. नवी गिटार घ्यायची, तर घरातला एखादा खर्च पुढे ढकलावा लागणार. त्या दिवसांत आंद्रेस सेगोवियाच्या आयुष्याविषयी मी वाचू लागलो.

सेगोविया जन्मला २१ फेब्रुवारी १८९३ रोजी, दक्षिण स्पेनमधल्या लिनारेस गावी. वाढला नातलगांच्या घरी. प्रतिष्ठित घरांत तेव्हा गिटारला स्थान नव्हतं. ते गुत्त्यातलं, फ्लामेंकोवाल्यांचं वाद्य. आपल्याकडे तमाशातल्या ढोलकीकडे पांढरपेशे जसं पाहत, तसंच काहीसं. घरच्यांचा विरोध, शिकवणारा धड कोणी नाही. पोरगा स्वतःच गुरू, स्वतःच चेला. १९०९ मध्ये, सोळाव्या वर्षी, त्यानं ग्रानादात पहिली मैफल केली.

मग माद्रिदला वाजवायचं ठरलं आणि हातातली गिटार अपुरी पडू लागली. खिशात पैसे नाहीत. १९१२ साली हा एकोणीस वर्षांचा तरुण मान्युएल रामिरेस या नामांकित गिटार बनवणाऱ्याच्या दुकानात शिरला. त्याची मागणी ऐकून रामिरेसला गंमतच वाटली असणार. पियानोवादक मैफलीपुरता पियानो भाड्यानं घेतात, तशी एक उत्तम गिटार त्याला एका कार्यक्रमापुरती भाड्यानं हवी होती! रामिरेसनं एक गिटार पुढे केली. सेगोविया बसला आणि वाजवत राहिला. दुकानातली माणसं हातातली कामं सोडून ऐकू लागली. वादन संपलं, तेव्हा रामिरेसनं भाडं घेतलं नाही, किंमतही घेतली नाही. ती गिटार त्यालाच देऊन टाकली. मला यात दानशूरपणापेक्षा पारख अधिक दिसते. आपल्या वाद्यातून काय काय निघू शकतं, हे त्या कारागिराला त्या दिवशी ऐकायला मिळालं.

पुढची पंचवीस वर्षं सेगोवियाची मुख्य गिटार हीच. १९२४ मध्ये पॅरिस आणि १९२८ मध्ये न्यूयॉर्क त्यानं जिंकलं, ते हिच्याच जोरावर. मोठी सभागृहं, आणि समोर मायक्रोफोन नाही. नखानं छेडली की तार झळाळते, बोटाच्या मांसानं छेडली की मऊ बोलते; या दोन्हींच्या मिश्रणातून तो शेवटच्या रांगेपर्यंत पोचे. जी ताकद आपण वाद्यात शोधतो, ती त्यानं उजव्या हातात कमावली होती.

म्हणून त्याला चांगल्या वाद्याची ओढ नव्हती असं मात्र समजू नका. १९२४ साली म्युनिकमध्ये हेर्मान हाउझर या जर्मन कारागिरानं त्याला ऐकलं आणि ती रामिरेस गिटार बारकाईनं तपासली. मग तो नवनव्या गिटारी करू लागला. गिटारचा आवाज मुख्यतः वरच्या फळीवर अवलंबून. मिरजेचे सतारमेकर जिला तबली म्हणतात, तीच. ती किती पातळ करायची, आतून कुठे पट्ट्या लावायच्या, यावर सारा खेळ. सेगोविया वाजवून पाही, पसंत नाही म्हणून सांगे, आणि हाउझर पुन्हा कामाला लागे. असं तेरा वर्षं चाललं! मधेच १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी पेटली आणि सेगोवियाला देश सोडावा लागला. १९३७ साली हाउझरची एक गिटार अखेर त्याच्या मनास आली. ती त्यानं १९६२ पर्यंत वाजवली. म्हणजे पुन्हा पंचवीस वर्षं.

तारांचं दुखणं मात्र बराच काळ कायम होतं. पातळ तारा आतड्याच्या तातीच्या. हवा दमट झाली की उतरायच्या, ऐन वेळी तुटायच्या. दुसऱ्या महायुद्धात त्या मिळेनाशाच झाल्या. तेव्हा न्यूयॉर्कच्या अल्बर्ट ऑगस्टिननं नायलॉनच्या तारा घडवल्या आणि सेगोवियानं त्या आपल्याशा केल्या. आज कोपऱ्यावरच्या दुकानातल्या साध्या क्लासिकल गिटारलाही नायलॉनच्याच तारा असतात.

२ जून १९८७ रोजी माद्रिदमध्ये, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, तो गेला. शेवटच्या वर्षांतही त्याच्या मैफली चालू होत्या. रामिरेस आणि हाउझर या दोन्ही गिटारी आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहेत. त्यातली भाड्यानं मागितलेली कुठली, हे आता तुम्हाला ठाऊक आहेच.