तुरुंगातील विनोबा

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहावे, असे अध्यक्षबाईंनी मला सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा वाचून जे समजले ते साध्या शब्दांत भगिनींपुढे ठेवते.

आचार्य विनोबा भावे यांना आपण भूदानामुळे ओळखतो. त्यांचे पवनारही आपल्या विदर्भातलेच. परंतु त्यांच्या तुरुंगवासाविषयी आपण फारसे बोलत नाही. मला तर त्यांच्या चरित्रातला तोच भाग घरसंसार करणाऱ्या बाईच्या सर्वांत जवळचा वाटतो.

विनोबांचा जन्म 11 सप्टेंबर 1895 रोजी आजच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे गावी झाला. आई रुक्मिणीबाई मोठ्या भाविक होत्या. गीता संस्कृतात असल्यामुळे ती आपल्याला कळत नाही, याची त्यांना हळहळ वाटे. 1916 साली विनोबा घर सोडून गांधीजींच्या आश्रमात गेले आणि 1921 साली वर्ध्याला आले. आई 1918 मध्येच वारल्या होत्या. पण त्यांची इच्छा मुलाने विसरली नाही. 1930-31 मध्ये त्यांनी गीता सोप्या मराठीत आणली, तीच गीताई.

1923 साली नागपूरला झेंडा सत्याग्रह झाला. त्यात विनोबांना पकडले आणि नागपूर व अकोला येथील तुरुंगांत ठेवले. त्या काळचा तुरुंग कसा असे? सकाळ-संध्याकाळ गिनती, दिवसभर दगड फोडणे किंवा चक्की पिसणे, संध्याकाळी बराकीला कुलूप. घरच्यांची मुलाखत ठरल्या दिवशीच, तीही पहारेकऱ्यासमोर. पुढे 1930 पासून कैद्यांचे अ, ब, क असे वर्ग केले गेले. अ आणि ब वर्गाला बरे अन्न आणि काही सवलती मिळत. क वर्गाच्या वाट्याला तुरुंगाचे कपडे, जाडेभरडे अन्न आणि कष्टाचे काम येई.

एकदा विनोबांना एकट्याला कोठडीत डांबले. कोठडी अवघी आठ फूट लांब आणि नऊ फूट रुंद. हाताला काम नाही, वाचायला पुस्तक नाही, बाहेर फिरणे नाही. अशा जागी भलेभले खचतात. विनोबांनी दिवसाचे तास वाटून घेतले. झोप इतकी, ध्यान इतके, आणि त्या कोठडीतल्या कोठडीत काही तास चालणे. चार भिंतींत राहून मन कसे ताब्यात ठेवावे, हे त्यांनी तिथे साधले.

1932 साली ते धुळ्याच्या तुरुंगात होते. चळवळीतले पुष्कळसे तरुण कैदी कामाला नाखूश होते. खाल्लेल्या अन्नासाठी श्रम केलेच पाहिजेत, हे विनोबांनी त्यांना पटवले. मग कैदी आपणहून दळायला बसले. म्हाताऱ्यांच्या वाटचे दळण तरुणांनी उचलले. स्वयंपाकघरही कैद्यांनी सांभाळले. आपल्याकडे लाखोरीची डाळ ज्या बायांनी जात्यावर काढली आहे, त्यांना खांदे कसे भरून येतात ते सांगायला नको. तेच काम शिक्षा म्हणून केले तर अंगावर येते. दुसऱ्याचा भार हलका व्हावा म्हणून केले तर तेवढे जड वाटत नाही.

त्याच तुरुंगात 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत दर रविवारी, अठरा रविवार, विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली. साने गुरुजी तिथेच कैदी होते. त्यांनी ती उतरून घेतली, म्हणून गीता प्रवचने आज घरोघरी आहेत.

17 ऑक्टोबर 1940 रोजी पवनारला भाषण करून विनोबा वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही झाले आणि पुन्हा नागपूरच्या तुरुंगात गेले. 1942 च्या चळवळीत त्यांना वेल्लोरला व नंतर शिवनीला ठेवले. वेल्लोरला त्यांनी तामिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या चारही भाषांचा अभ्यास केला. 1945 साली ते सुटले. पुढे 1951 पासून भूदानासाठी पायी हिंडताना त्यांनी देश पालथा घातला.

मे 1960 मध्ये चंबळच्या खोऱ्यात वीस दरोडेखोरांनी विनोबांपुढे शस्त्रे ठेवली. गुन्ह्याची शिक्षा माफ होईल, अशी लालूच विनोबांनी त्यांना दाखवली नव्हती. शिक्षा भोगावी, पण मन बदलावे, एवढेच त्यांचे मागणे होते. गुन्हेगारही माणूसच, हे स्वतः कोठडी पाहिलेल्या माणसाने सांगितले, म्हणून ते त्यांना पटले असावे.

स्त्रियांच्या साधनेसाठी 1959 साली त्यांनी पवनारला ब्रह्मविद्या मंदिर स्थापले. तिथेच 15 नोव्हेंबर 1982 रोजी त्यांनी देह ठेवला.

भगिनींनो, वैनगंगेचा पूल ओलांडला की भंडाऱ्यात जिल्हा कारागृह आहे. तिथल्या प्रत्येक कैद्यामागे एक घर आहे. त्या घरातली बाई मुलाखतीच्या दिवशी भेटायला जाते आणि गावात खाली मान घालून वावरते. गुन्हा तिने केलेला नसतो, तरी पुष्कळ ठिकाणी हळदीकुंकवाचे बोलावणे तिच्या दारावरून पुढे जाते. मुलांनाही शाळेत टोचून बोलतात. शिक्षा देणे न्यायालयाचे काम आहे, त्यात आपण भर घालू नये. येत्या संक्रांतीला असे एखादे घर आपल्या वस्तीत असेल, तर पहिले वाण तिथे न्यावे, अशी माझी मंडळाला विनंती आहे. विनोबांचे स्मरण केल्याचे त्यात काही सार्थक होईल.