स्वयंपाकघरातील यात्रेकरू : पेल्लेग्रीनो आर्तुसी

वाङ्मयाच्या प्रांतात नाव काढावे, अशी पेल्लेग्रीनो आर्तुसी यांची फार इच्छा होती. १८७८ साली त्यांनी उगो फॉस्कोलो या इटालियन कवीचे चरित्र लिहून स्वखर्चाने छापले. त्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. तीनेक वर्षांनी जुझेप्पे जुस्ती या दुसऱ्या कवीच्या तीस पत्रांवर टिपणे लिहून तेही पुस्तक त्यांनी पदरमोड करून काढले. त्याचीही तीच गत झाली. साठी उलटलेल्या या गृहस्थांनी मग जे पुस्तक हाती घेतले ते होते स्वयंपाकाचे. आणि त्याच पुस्तकाने त्यांचे नाव इटलीच्या घराघरांत पोहोचले! दिवसरात्र टीका आणि टीपा यांत बुडालेल्या आम्हा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना ही हकीकत थोडी टोचणारी आहे. म्हणूनच हा लेखनप्रपंच.

मी इटली पाहिलेली नाही, पाहीन असेही वाटत नाही. खोलीवर हाताने रांधून खाणारा मी एक विद्यार्थी. पिठले-भात आणि मुगाची खिचडी यांपलीकडे माझी मजल गेली नव्हती. आर्तुसींच्या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर हाती पडले ते काही नवे शिकावे म्हणून चाळू लागलो, आणि पाककृती बाजूला ठेवून त्या माणसाच्याच मागे लागलो.

आर्तुसींचा जन्म ४ ऑगस्ट १८२० रोजी रोमान्या भागातील फोर्लिम्पोपोली या लहानशा गावी झाला. इटली नावाचे एकसंध राष्ट्र तेव्हा नव्हते. हे गाव पोपच्या राज्यात मोडत असे. वडील ऑगोस्तीनो यांचे किराणा व औषधी द्रव्यांचे दुकान होते. मुलाचे शिक्षण जवळच्या बेर्तिनोरो येथील धर्मशाळेत, म्हणजे पाद्री घडविणाऱ्या विद्यालयात झाले. पुढे व्यापारानिमित्त त्यांची भ्रमंती सुरू झाली. पेल्लेग्रीनो या शब्दाचा अर्थच मुळी यात्रेकरू! गावोगावच्या खाणावळींत बसावे, काय वाढतात ते लक्षपूर्वक खावे, आणि ते मनात साठवून ठेवावे, हा त्यांचा छंद.

१८५० सालची गोष्ट. बोलोन्या शहरातील एका खाणावळीत काही विद्यार्थ्यांसमवेत ते जेवत होते. त्याच टेबलावर फेलिचे ओर्सीनी हा तरुण क्रांतिकारक बसला होता आणि होऊ घातलेल्या उठावाविषयी आवेशाने बोलत होता. आर्तुसी मात्र शांतपणे आपल्या ताटलीतील मॅकरोनी संपवीत राहिले. त्यांची ही बेपर्वाई ओर्सीनीला चांगलीच झोंबली म्हणतात. याच ओर्सीनीने १८५८ साली पॅरिसमध्ये तिसऱ्या नेपोलियनवर बॉम्ब टाकले आणि तो गिलोटिनवर चढला. आर्तुसींनी ही आठवण कोठे नोंदवावी? पावाचा चुरा घालून करावयाच्या मॅकरोनीच्या कृतीत! इतिहासाच्या प्राध्यापकांना हे कदाचित आवडणार नाही. मला विचाराल तर बॉम्ब टाकणाऱ्या माणसाशेजारी बसून जेवल्याची साक्ष याहून खरी कोणती असेल?

परंतु इतिहासाने त्यांना असे कोरडे सोडले नाही. २५ जानेवारी १८५१ च्या रात्री पासातोरे या टोपणनावाने कुप्रसिद्ध असलेला स्तेफानो पेल्लोनी हा दरोडेखोर आपल्या टोळीसह फोर्लिम्पोपोलीत शिरला. गावातील प्रतिष्ठित मंडळी नाटक पाहायला जमली होती. दरोडेखोरांनी नाट्यगृहच ताब्यात घेतले, मंडळींना ओलीस धरले आणि घरे लुटली. त्यांत आर्तुसींचे घरही होते. त्या रात्रीचा धसका त्यांची बहीण जेर्त्रुदे हिने असा घेतला की तिच्या मनाचा तोल पुन्हा सावरला नाही. अखेर तिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवावे लागले. कुटुंबाने गाव सोडले आणि फ्लॉरेन्स गाठले. आर्तुसींच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी, १९९३ साली छापल्या गेलेल्या त्यांच्या आत्मचरित्रात ही कहाणी आहे. ती वाचल्यावर त्यांच्या पुस्तकातील विनोद मला पूर्वीसारखा निव्वळ खुसखुशीत वाटेना. एका रात्रीत ज्याचे घर उद्ध्वस्त झाले, त्या माणसाने पुढे घरच्या जेवणावर पुस्तक लिहिले.

फ्लॉरेन्समध्ये रेशमाच्या व्यापारात त्यांनी पैसा मिळविला, बहिणींची लग्ने लावून दिली, आणि पन्नाशीच्या सुमारास व्यवहारातून अंग काढून घेतले. लग्न केले नाही. घरात स्वयंपाकाला दोन माणसे होती : गावाकडचा फ्रांचेस्को रुफिल्ली आणि तस्कनीची मारिएत्ता साबातीनी. शिवाय दोन मांजरे. पुस्तकाची पहिली आवृत्ती त्यांनी या मांजरांनाच अर्पण केली! पदार्थ सुचवावा मालकांनी, रांधावा या दोघांनी, चाखून नावे ठेवावीत पुन्हा मालकांनी, आणि पसंतीस उतरेपर्यंत तो पुन:पुन्हा करावा, असा त्या घरचा शिरस्ता होता.

हस्तलिखित तयार झाले, पण प्रकाशक मिळेना. अखेर १८९१ साली आर्तुसींनी पुन्हा स्वतःचाच खिसा मोकळा करून हजार प्रती छापल्या. पाकशास्त्र आणि सुग्रास खाण्याची कला, अशा अर्थाचे पुस्तकाचे नाव. पुस्तकाच्या दोन प्रती त्यांनी जन्मगावच्या एका धर्मादाय जत्रेत सोडतीसाठी पाठविल्या. ज्यांना त्या लागल्या त्यांनी पुस्तकाची टिंगल केली आणि प्रती तंबाखूवाल्याला विकून टाकल्या. हा प्रसंग आर्तुसींनी स्वतःच पुढील आवृत्तीच्या प्रस्तावनेत मिस्किलपणे सांगितला आहे. हजार प्रती खपायला चार वर्षे लागली. मग मात्र मागणी वाढतच गेली. पुस्तक घरूनच टपालाने पाठवीत, त्यामुळे वाचकांची पत्रेही घरीच येत. कुणी चूक दाखवी, कुणी आपल्याकडची कृती कळवी. पहिल्या आवृत्तीतील ४७५ कृती वाढत वाढत ७९० झाल्या त्या अशा.

या कृती वाचताना एखादे वडीलधारे माणूस ओट्याजवळ पाट टाकून गप्पा मारीत बसले आहे असे वाटते. बटाट्याचे न्योक्की, म्हणजे उकडलेले छोटे गोळे, सांगताना ते एका बाईची फजिती सांगतात : पीठ कमी पडले, बाईंनी पातेल्यात डाव फिरविला, तो आत एकही गोळा नाही! सगळे विरघळून गेलेले. वांग्याविषयी तर ते असे लिहितात की आपल्या महाराष्ट्रातील माणसाने कान टवकारावेत. त्यांच्या तरुणपणी फ्लॉरेन्सच्या बाजारात वांगी क्वचितच दिसत. ती ज्यूंचे खाणे म्हणून लोक नाक मुरडीत. आर्तुसी या पूर्वग्रहाची टर उडवितात आणि चांगले काय हे ज्यूंना आधी कळले, असा निर्वाळा देतात.

सर्वांत विलक्षण हकीकत मिनेस्त्रोनेची. मिनेस्त्रोने म्हणजे मिळतील त्या भाज्या व शेंगांचे दाणे एकत्र शिजवून केलेले दाट सार. १८५५ साली आर्तुसी समुद्रस्नानासाठी लिव्होर्नो बंदरी गेले असता पटकीची भीती पसरली होती. एका खाणावळीत त्यांनी हे सार खाल्ले आणि राहण्यासाठी एक घर ठरविले. रात्री पोटात भयंकर कळा. सगळा दोष त्यांनी साराला दिला आणि सकाळची गाडी पकडून ते फ्लॉरेन्सला परतले. तेथे त्यांना बरे वाटले. दोन दिवसांनी कळले की लिव्होर्नोत पटकी फुटली असून ज्या घरमालकाशी बोलणे झाले होते तोच तिला बळी पडला आहे. एवढे सांगून आर्तुसी शांतपणे मिनेस्त्रोनेची कृती देतात. मी हे सार दुधी, फरसबी आणि भिजविलेला राजमा घालून करून पाहिले. सोपे आहे, आणि दुसऱ्या दिवशी अधिक चांगले लागते.

इटली १८६१ साली एक राज्य झाली खरी. पण सर्वांना समजेल अशी भाषा बोलणारे लोक फारच थोडे होते. स्वयंपाकघरातील शब्द तर दर कोसाला बदलत. आर्तुसींनी फ्लॉरेन्सच्या वळणाची साधी, बोलती भाषा वापरली, फ्रेंच नावांचा तोरा टाळला आणि आरंभी शब्दांचा छोटा कोशही जोडला. या पुस्तकाने मान्झोनीच्या गाजलेल्या कादंबरीपेक्षाही राष्ट्र जोडण्याचे काम अधिक केले, असे अभ्यासक पिएरो काम्पोरेझी यांनी १९७० साली प्रतिपादिले. मला यात थोडी अतिशयोक्ती वाटते. रोमान्या आणि तस्कनीचे पदार्थ या पुस्तकात ओसंडून वाहतात, तर दक्षिण इटलीच्या वाट्याला फार थोडे येते. उत्तरेचा माणूस आपल्या परिचयातले लिहिणार, हे उघड आहे. पण त्यालाच सगळ्या देशाचे खाणे म्हणावे का?

३० मार्च १९११ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, आर्तुसी फ्लॉरेन्समध्ये निवर्तले. पुस्तकाचे हक्क त्यांनी फ्रांचेस्को आणि मारिएत्ता या दोघांच्या नावे करून ठेवले होते. मारिएत्ताच्या नावाची एक गोड पावाची कृतीही पुस्तकात आहे. फोर्लिम्पोपोलीत १९९७ पासून त्यांच्या नावे दरवर्षी उन्हाळ्यात खाद्योत्सव भरतो आणि २००७ साली तेथे त्यांच्या स्मरणार्थ संस्थाही उभी राहिली. उत्सवात हौशी घरगुती स्वयंपाक करणाऱ्यांना एक पारितोषिक देतात. त्याला नाव आहे मारिएत्ताचे.